वडीलधाऱ्यांच्या घरचे इंटरनेट

वृद्ध आईवडिलांच्या घरी इंटरनेट घ्यावयाचे तर ते कोणाकडून व किती खर्चात घ्यावे, हा प्रश्न आज ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील पुष्कळ मराठी कुटुंबांपुढे आहे. मुले पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशी गेली; मागे दगडी घरात आई किंवा वडील एकटे राहिले. नातवाचे तोंड दिसावे, निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला घरबसल्या देता यावा, रविवारची मिस्सा अथवा एकादशीचे कीर्तन पाहता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. ती थोडक्या पैशांत, आणि मुख्य म्हणजे खंड न पडता, कशी पुरी करता येईल ते पाहू.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केले. आरंभी ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास ह्या चार महानगरांत मिळे. ग्वाल्हेरचे नाव त्यात नव्हते. व्यक्तीकडून २५० तासांचे ५,००० रुपये घेत, म्हणजे तासाला २० रुपये. शिवाय जोडणी टेलिफोनवरून नंबर फिरवून होत असल्यामुळे त्या कॉलचे पैसे निराळे पडत आणि तेवढा वेळ घरचा टेलिफोन अडकून राही. १९९८ साली हे क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले. पुढे डायल-अपच मागे पडले. अमेरिकेत एओएल कंपनीनेही आपली ती सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. तथापि त्या काळचा एक हिशेब अद्याप सुटलेला नाही. जाहिरातीतला आकडा एक असतो, आणि वर्षअखेर खिशातून गेलेला दुसराच.

मोबाईलचे ‘महिन्याचे’ रिचार्ज पुष्कळदा २८ दिवसांचेच असते. असे १३ रिचार्ज केले म्हणजे वर्ष भरते. घरी तारेने येणाऱ्या फायबरच्या सांगितलेल्या दरावर बहुधा १८ टक्के कर निराळा असतो, म्हणून ५०० रुपयांची म्हटलेली योजना हाती ५९० रुपयांना येते. तेव्हा दोन योजनांची तुलना करावयाची ती कर धरून आणि संपूर्ण वर्षाची करावी.

येथे काटकसरीची एक वाट आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. घरात फायबर असले तर आईच्या मोबाईलवर पुन्हा इंटरनेटचे पैसे भरण्याचे कारण उरत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना केवळ बोलणे व संदेश एवढ्यापुरत्या योजनाही ठेवण्यास सांगितले आणि अशा विशेष योजनांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेण्यास मुभा दिली. दुकानदार होऊन त्या दाखवील असे नाही. मागून घ्याव्या लागतात. उलट, ज्यांना आठवड्यातून दोनदा मुलाशी बोलावयाचे आणि सकाळी चार संदेश वाचावयाचे, त्यांना फायबरची गरजच नाही. मोबाईलवरील इंटरनेट त्यांना पुरते.

वेगाविषयी आपण मुले उगाच उदार होतो. सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँड म्हणण्यासाठी जो किमान वेग ठरविला तो सेकंदाला २ मेगाबिट आहे, आणि समोरासमोरचे साधे संभाषण तेवढ्यातही चालते. एकट्या माणसाला ३० मेगाबिटांची योजना ठेवून उरते. दूर राहिल्याची रुखरुख १०० मेगाबिट घेऊन भागत नाही.

खरी निवड करावयाची ती दुरुस्तीच्या बाबतीत. भारत संचार निगम, जिओ की एअरटेल, हे पुण्यात बसून ठरवू नये. त्याच गल्लीतील दोन-तीन घरी विचारावे की, मागच्या पावसाळ्यात तार तुटली तेव्हा माणूस किती दिवसांनी आला? एकाच कंपनीचे काम दौलतगंजात चोख आणि मुरारीत ढिले असू शकते. नोंदणीत संपर्कासाठी क्रमांक द्यावयाचा तो घरातल्या माणसाचा द्यावा. मुलाचा दिला तर दुरुस्तीवाला दाराशी उभा राहून पुण्याला फोन करतो आणि आत आईला पत्ताही नसतो. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सवलत मिळते खरी, परंतु पहिले दोन-तीन महिने महिन्यामहिन्यानेच भरावे.

आणखी दोन गोष्टी घराच्याच आहेत. जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंतींतून वायफाय नीट पार होत नाही. यंत्र दिवाणखान्यात आणि आई माजघरात, असे झाले तर दोष कंपनीचा नव्हे. जेथे त्यांची बैठक तेथेच यंत्र बसवून घ्यावे. दुसरे विजेचे. जुन्या टेलिफोनला तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजचीच वीज मिळे, म्हणून घरात अंधार असला तरी तो वाजे. फायबरच्या तारेतून केवळ प्रकाश येतो. वीज गेली की यंत्र बंद, आणि त्यावरचा टेलिफोनही बंद. मे महिन्यात ग्वाल्हेरची दुपार ज्यांनी काढली आहे त्यांना अधिक सांगावयास नको. यंत्रापुरती लहान बॅटरी घ्यावी, आणि मोबाईल चालू ठेवावाच.

बँकेत व निवृत्तिवेतनाच्या कागदांवर जो मोबाईल क्रमांक आहे तो मात्र बदलू नये. कंपनी बदलून क्रमांक तोच ठेवण्याची सोय २०११ सालापासून सर्व देशात आहे. १९०० ह्या क्रमांकावर संदेश पाठवून तिचा आरंभ होतो. फोनवर ओटीपी मागणारा माणूस कंपनीचा नसतो, हे वडिलांना एकदा नव्हे, चारदा सांगावे. फसवणूक झालीच तर १९३० वर तत्काळ कळवावे.

जोडणी झाल्यावर एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ग्राहक क्रमांक, तक्रारीचा क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि शेजारच्या एखाद्या जाणत्या मुलाचे नाव लिहून तो यंत्राच्या वर भिंतीला लावून ठेवावा.