क्ष-किरण आणि शिशाचा आडोसा

हाड मोडले की आपण क्ष-किरण फोटो काढतो. त्या वेळी तंत्रज्ञ शिशाच्या आडोशामागे जाऊन उभा राहतो. विद्यार्थी मित्रांनो, हा आडोसा फार उशिरा आला.

जर्मनीत रोंटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. पुढच्याच वर्षी कातडी भाजल्याच्या, केस गळल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. हे किरण दिसत नाहीत, अंगावर पडताना दुखतही नाहीत; इजा काही दिवसांनी, कधी काही वर्षांनी उमटते. त्यामुळे दोष किरणांचा की विजेचा, यावरच वाद चालला. नळी नीट चालते का, हे पाहायला लोक स्वतःचाच हात किरणांसमोर धरीत. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांनी हेच केले. त्यांचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ साली त्यांचे निधन झाले. एडिसन सर्वांना ठाऊक आहेत, डॅली कोणाला?

बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी १९०१ साली गिनीपिगवर प्रयोग केले. विजेचा धक्का लागणार नाही अशी व्यवस्था करूनही प्राणी मेले. म्हणजे दोष किरणांचाच. नळीला शिशाचे आवरण घाला, डोळ्यांवर संरक्षक चष्मा ठेवा, रोग्याच्या हव्या तेवढ्याच भागावर किरण सोडा, असे त्यांनी बजावले. फारच थोड्यांनी ऐकले.

संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली ती १९२८ साली, स्टॉकहोमच्या परिषदेत. १९३६ साली हॅम्बुर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात किरणांच्या बळींचे स्मारक उभारले गेले. त्यावर आरंभीच दीडशेहून अधिक नावे होती. पुढे त्यांत भर पडत गेली.