प्रमाण आणि विचार

आज भाद्रपद वद्य षष्ठी, ज्ञानेश्वरी जयंती. जयंती म्हटली की ग्रंथाचा जन्मदिवस असे कोणासही वाटेल. परंतु माउलींचा ग्रंथ नेवाशास सिद्ध झाला तो शके १२१२ मध्ये; आजची तिथी आहे शके १५०६ मधील, म्हणजे इ. स. १५८४ ची. पैठणच्या नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण पुरे केले, तो हा दिवस.

माउलींच्या कंठास अजानवृक्षाची मुळी लागली, हा नाथांना झालेला दृष्टांत घरोघरी ठाऊक आहे. आम्हीही तो उत्तररंगात सांगतो. श्रोते डोळे पुसतात. त्यापुढील कार्याकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. ग्रंथ मुळात अतिशुद्ध, पण पाठभेदांनी शुद्धाशुद्ध झालेला, असे नाथांनीच अखेरीस नमूद केले आहे. पोथी पूज्य, म्हणून तीतील प्रत्येक अक्षर निमूट मानावे, असे त्यांस वाटले नाही. त्यांनी पाठ शोधला, निवडला. आणि कोणीही आपली ओवी त्यात घालू नये, असे बजावलेही. तपासण्याचा अधिकार घेतला, भर घालण्याचा नाकारला!

हे धैर्य त्यांस माउलींकडूनच लाभले असावे, असे आम्हांस वाटते. ज्ञानही बंधनकारक होते, या सिद्धान्तास अमृतानुभवाच्या तिसऱ्या प्रकरणात शिवसूत्राचा व गीतेचा आधार दिला आहे. लगेच माउली म्हणतात की, शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितले एवढ्याच लोभाने आम्ही हे मानत नाही. ते बोलले नसते तरी हे मानावेच लागते. भगवद्वचनाविषयी असे बोलणारा पुरुष नास्तिक नव्हता, हे सांगावयास नको.

कार्याकार्याच्या निर्णयास शास्त्र प्रमाण, असे सोळाव्या अध्यायाच्या शेवटी सांगणारे भगवान अठराव्यात अर्जुनास म्हणतात की, पूर्ण विचार कर आणि मग इच्छेस येईल तसे कर. कित्येक प्रवचनकार पहिल्या वचनावर थांबतात, कित्येक सुधारक दुसऱ्यावरच.

कीर्तनात संतवचनाचा आधार देण्यास 'प्रमाण' म्हणतात. हल्ली मोबाइलवर कोणत्याही चार ओळींखाली 'तुका म्हणे' जोडून प्रमाण तयार होते, आणि भाविक ते डोळे मिटून पुढे धाडतात. गाथा उघडून पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. आज घरी पारायणास बसताना नातवंडाने "हे कशावरून?" असे विचारले, तर त्यास दटावू नये. अध्याय व ओवी काढून दाखवावी; न सापडल्यास सापडली नाही, असे सांगावे.