पैठण ते पाटणे, सायकलवर

पैठणकडून कन्नडकडे निघालं की आपण डोंगर चढतोय असं कुठं फारसं जाणवत नाही. दौलताबादचा घाट सोडला तर रस्ता कणाकणानं वर सरकत राहतो. कन्नडच्या पुढं मात्र एकाएकी पठार संपतं, समोर खाली खानदेश पसरलेला दिसतो आणि वळणावळणाचा औट्रम घाट चाळीसगावकडे उतरायला लागतो. अजिंठ्याच्या रांगेच्या अलीकडचं पाणी गोदावरीला जातं, पलीकडचं गिरणेवाटे तापीला. मोटारीत बसणाऱ्याला हे भूगोलाच्या पुस्तकात वाचावं लागतं. पायडल मारणाऱ्याच्या पिंढऱ्यांना ते आपोआप कळतं.

मी पाचोडचा. सायकल दुरुस्तीचं दुकान वडिलांपासून आहे. त्यांच्या काळात सायकली तासाच्या भाड्यानं जायच्या, रात्री दुकानासमोर त्यांची रांग लागायची. आता लहान पोरांच्या सायकली येतात, आणि मोसंबीच्या हंगामात मंडीतल्या हातगाड्यांची चाकं. दिवाळीनंतर काम सैल पडलं की दुकान धाकट्या भावाकडे सोपवून मी निघतो. सोबत भाची असते. ती छत्रपती संभाजीनगर शहरात इतिहास शिकते. तिची सायकल गिअरची, माझी साधी काळी, सळईच्या ब्रेकची. एका प्रवासात दोन्ही सायकली शेजारी चालवल्या की कशाचा किती उपयोग आहे हे स्वच्छ दिसतं. ते लिहावं म्हणूनच हा लेख.

पाचोडहून शहराला जायला आडूळवरून सरळ महामार्ग आहे, पन्नासेक किलोमीटरचा. आम्ही तो धरत नाही. मालट्रका अंगावरून जातात आणि बघायला काही उरत नाही. आम्ही आधी पैठण गाठतो, मग ढोरकीन, बिडकीन करत वर सरकतो. वळसा मोठा पडतो, पण ही वाट फार जुनी आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय की भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे, आणि तिथून अकीकसारखे दगड गाड्यांवर लादून बंदराला येतात. हा माल घाटमाथ्यावरून खाली उतरायचा. बैलगाडी दिवसभरात वीस-पंचवीस किलोमीटर जाते, आणि या वाटेवरची जुनी ठिकाणं पाहिली तर ती याच मापानं वसली आहेत असं मला वाटतं. गाव, पाणी, देऊळ किंवा दर्गा, मग काही अंतरानं पुन्हा गाव. मोटार ही सगळी गावं तासाभरात मागं टाकते. सायकल दिवसाला बैलगाडीचे दोन-तीन मुक्काम ओलांडते, म्हणजे प्रत्येक गावात चहापुरतं उतरता येतं आणि संध्याकाळी कुठं टेकायचं हे त्या गावाला विचारता येतं. जुनी गावं बघायला मला तरी याहून योग्य वेग माहीत नाही.

शहर ओलांडलं की दौलताबादकडे जाताना जुने वड लागतात. बहमनी काळातला चाँद मिनार लांबूनच दिसायला लागतो. भिल्लम यादवानं बाराव्या शतकाच्या अखेरीस इथं राजधानी केली, 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी आला, 1327 मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी उचलून इथं आणली. किल्ला चढायला अर्धा दिवस हवा. सायकल पायथ्याच्या पेरू-सीताफळवाल्यांपाशी लावावी, ते लक्ष ठेवतात.

पुढं खुलताबादचा घाट. रस्ता जुन्या दिल्ली दरवाजाच्या कमानीतूनच जातो. कमान एवढी अरुंद की एका वेळी एकच मोठं वाहन जावं, म्हणून दोन्हीकडून गाड्या अडून राहतात. सायकल मात्र हातात धरून कडेनं सुटते. खाली उतरून कमानीच्या दगडाला हात लावावा, वरचा चुना बघावा, मग पुढं जावं.

याच चढावर गिअर म्हणजे काय ते समजतं. माझ्या सायकलला पुढं 44 दात्यांचं चक्र आणि मागं 18 दात्यांचं फ्रीव्हील. पायडलचा एक फेरा पूर्ण झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल सव्वापाच मीटरच्या वर पुढं जाते. सपाटीला हे झकास. चढाला तेच सव्वापाच मीटर अंगाच्या जोरावर ओढावे लागतात. भाचीच्या सायकलला पुढचं सगळ्यात लहान चक्र 24 दात्यांचं, मागचं सगळ्यात मोठं 28 दात्यांचं. तिच्या एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटरच सरकते. पाय भराभर फिरतात, वेग कमी होतो, पण दम लागत नाही. गिअरनं कष्ट नाहीसे होत नाहीत, ते लहान लहान तुकड्यांत वाटले जातात. फ्रान्समध्ये पॉल द विवी नावाचा गृहस्थ होऊन गेला. वेलोसिओ या टोपणनावानं लिहायचा. सायकलनं प्रवास करणाऱ्या सामान्य माणसाला बदलते गिअर हवेत, हे तो शंभर वर्षांपूर्वी जीव तोडून सांगत होता. शर्यतवाल्यांना ते कमीपणाचं वाटायचं. टूर द फ्रान्समध्ये साखळी बदलणाऱ्या गिअरला परवानगी मिळायला 1937 उजाडावं लागलं.

गिअर नसेल तर? तर उतरावं आणि सायकल ढकलावी. भाची वरच्या वळणावर थांबलेली असते. "मामा, पाणी घ्या आधी," म्हणते. घाटात चालत जाण्यात काही गैर नाही. याच रस्त्यानं हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातल्या शनिवारी शहरातले हजारो लोक भद्रा मारुतीला पायी येतात. 1923 मध्ये मुंबईहून अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे पारशी तरुण साथीदारांसह सायकलनं जगप्रवासाला निघाले आणि 1928 मध्ये सुमारे 71 हजार किलोमीटर करून परतले. वाळवंटात आणि डोंगरांत त्यांनाही सायकली ओढाव्या लागल्याच. आजच्या पिढीत पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं विशीच्या उंबरठ्यावर, 2018 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेचं अंतर सायकलवर कापलं. आमची वाट तिच्यापुढं काहीच नाही, आणि म्हणूनच ती कुणालाही झेपेल.

खुलताबाद हे कोटातलं गाव. नगारखान्याच्या दरवाजातून आत गेलं की सूफी संतांचे दर्गे, औरंगजेबाची साधी उघडी कबर, बोळ, कौलं. माझं मन जास्त रमतं ते गावाबाहेर, मलिक अंबरच्या कबरीपाशी. हबशी गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, 1610 मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं आपलं शहर. नहर-ए-अंबरीचं पाणी त्यानंच शहरात आणलं. 1626 मध्ये तो गेला. तिथं क्वचितच कुणी येतं, त्यामुळे सायकल टेकवून निवांत बसता येतं. वेरूळची लेणी सगळ्यांना ठाऊक आहेत. मी तिथं फक्त गाव बघायला सांगेन: मालोजीराजे भोसल्यांच्या गढीच्या खुणा आणि अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेलं घृष्णेश्वराचं देऊळ.

वेरूळहून कन्नड तीसेक किलोमीटर. इथं रात्री थांबून सायकली नीट बघाव्यात, कारण पुढं जंगल. ओझ्यानं मागच्या चाकाचे स्पोक ढिले पडतात. काळ्या सायकलला मागं 40 आणि पुढं 32 स्पोक असतात ते याचसाठी, वजन मागंच जास्त पडतं. दोन-दोन स्पोक चिमटीत धरून दाबावेत, ढिला असेल तो हाताला लगेच कळतो. चाक फिरवून आउट आहे का पाहावं. पिशव्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, खाली आणि सारख्या वजनाच्या. आमच्या पिशव्या जुन्या ताडपत्रीच्या, गावातल्या शिंप्यानं शिवलेल्या. विकतच्यांपेक्षा कुठं कमी पडत नाहीत.

गौताळा औट्रमघाट अभयारण्य 1986 मध्ये झालं, क्षेत्र सुमारे 260 चौरस किलोमीटर. झाडी अंजन, धावडा, सालई, पळस अशी. पावसाळ्यानंतर हिरवी, फाल्गुनात उघडी. बिबट्या आहे, अस्वल आहे, नीलगाय दिसते. 2021 मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत इथं पोचला आणि कॅमेऱ्यात दिसला. त्यामुळे नाक्यावर नोंद करून जावं, एकट्यानं जाऊ नये, दिवस मावळायच्या आत बाहेर पडावं.

जंगलात सायकलचा खरा वैरी बोरी-बाभळीचा काटा. गावात पंक्चर काढताना ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवतो. इथं घमेलं कुठलं? ट्यूबमध्ये हवा भरून ती ओठांजवळून हळूहळू फिरवायची. बारीक छिद्रातली हवाही ओठांना गार लागते. जागा सापडली की घासून सोल्यूशनचा पातळ हात द्यायचा आणि थांबायचं. बोट लावून चिकटेनासं झालं की मगच ठिगळ दाबायचं. ओल्या सोल्यूशनवर लावलेलं ठिगळ पाच किलोमीटरही टिकत नाही. मग सगळ्यात महत्त्वाचं: टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून काटा शोधायचा. तो टायरमध्येच राहिला तर नवी ट्यूबही जाते. हे सगळं होईस्तोवर आजूबाजूचं जंगल पुन्हा बोलायला लागतं, मोरांचे आवाज येतात. सायकलनं गेलं की असे थांबे आपोआप मिळतात.

पितळखोरा याच रांगेत आहे. घळीत उतरायच्या पायऱ्या आहेत, खाली ओढा. लेणी इसवी सनापूर्वीची. तिथल्या खांबांवर ब्राह्मीत दात्यांची नावं आहेत. भाचीनं मला बोटानं दाखवून वाचून सांगितलं: पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापारी कुळातल्या मितदेवानं एक खांब दिला, पैठणच्याच संघकाच्या मुलांनी आणखी दिला. आम्ही ज्या गावाहून आलो त्याच गावची माणसं दोन हजार वर्षांपूर्वी याच घळीत आली होती. इथं सापडलेली एक यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती घडवणाऱ्या कन्हदास नावाच्या सोनारानं तिच्या हातावर आपलं नाव कोरलंय. हातानं काम करणाऱ्या माणसाचं नाव एवढी वर्षं टिकलं, याचा मला फार आनंद होतो.

मग औट्रम घाट उतरायचा. 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं इथं जड वाहनांना बंदी झाली, त्याचा सायकलवाल्याला मोठा आधार आहे. तरी पहाटे उतरावं. ब्रेक एकसारखा दाबून ठेवू नये, रबर तापून झिजतं. दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा, आणि दोन्ही ब्रेक बरोबर वापरावेत. काळ्या सायकलची रिम क्रोमची असते. ती ओली झाली की रबर घसरतं आणि ब्रेक निम्माही लागत नाही, म्हणून पावसात हा घाट उतरूच नये.

घाटाच्या पायथ्याला, चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटरवर पाटणे. पाटणादेवीचं म्हणजे चंडिकेचं यादवकालीन देऊळ, मागं डोंगराची भिंत, तिन्ही बाजूंना झाडी. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला. तो सिंघण यादवाचा ज्योतिषी. शके 1128 म्हणजे इसवी सन 1207 मध्ये निकुंभ राजा सोइदेवानं त्या मठाला दान दिलं, त्याचा शिलालेख देवळात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढं आणला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी दानाचा तपशील त्या काळच्या मराठीत दिलाय. त्यात गावातल्या प्रत्येक घाण्यामागं मठाला पळीभर तेल द्यावं असं ठरवलंय. डोंगराच्या कुशीतलं एक गाव पळी-पळी तेल घालून गणिताची शाळा चालवत होतं. ही वाट चालायला एवढं एकच कारण मला पुरेसं वाटतं.

ज्यांच्या हाती रस्ते आहेत त्यांना माझं एक सांगणं आहे. रस्ते रुंद करा, हरकत नाही, पण साइडपट्ट्या भरा. डांबराची कड आणि माती यांत वीतभर फरक राहतो, मागून ट्रक आला की सायकलवाल्याला खाली उतरता येत नाही. शाळेत जाणारी पोरं आणि मोसंबीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बायका याच कडेनं रोज सायकल चालवतात, त्यांनाही ती पट्टी हवी आहे.

वाचकांना एवढंच सांगतो: माळ्यावरची सायकल खाली काढा. छर्रे धुऊन ग्रीस भरा, टायर-ट्यूब बदला, ब्रेकची रबरं नवी घाला. पहिल्यांदा खुलताबादपर्यंतच जा, झेपलं की पुढच्या खेपेला पाटण्यापर्यंत. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस चांगले. दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे आणि माणशी तीन लिटर पाणी घ्या. कन्नड सोडल्यावर पंक्चरचं दुकान लवकर लागत नाही, म्हणून हवेचा पंप आणि दोन जास्तीच्या ट्यूब जवळ असू द्या.