चालतंय ना, मग कशाला बदलायचं? जुन्या विंडोजबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

रेवस बंदराकडे जाणारा रस्ता घ्या, नाहीतर अलिबागची बाजारपेठ. झेरॉक्स काढून आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर दिवसभरात काय काय उघडलं जातं ते पाहा. सातबारा, आधार कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, नौकेच्या नोंदणीचे कागद, कॉलेजचा प्रवेश अर्ज. व्हॉट्सॲप वेब तर सकाळपासून उघडंच असतं. अशा दुकानांत विंडोज १० अजून सर्रास दिसतं, कोपऱ्यातल्या एखाद्या मशीनवर विंडोज सेव्हनही असतं.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून विक्रेता म्हणतो नवीन मशीन घ्या, कॉलेजात जाणारा भाचा म्हणतो लिनक्स टाका आणि शेजारचा दुकानदार म्हणतो, काही होत नाही हो. तिघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे, बरंचसं ऐकीव आहे. खरा प्रश्न विंडोज नवं की जुनं हा नाहीच. त्या मशीनवर कोणाचे कागद ठेवलेत, ते इंटरनेटला जोडलंय का, आणि त्यातल्या त्रुटी दुरुस्त करणारं अजून कोणी आहे का, हे तीन प्रश्न खरे. एकेक गैरसमज तपासू.

गैरसमज १ : सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडणार.

वस्तुस्थिती : काही बंद पडत नाही. तारीख उलटली तरी विंडोज १० सुरू होतं, प्रिंट निघते, टॅली उघडतं. थांबतात ते दर महिन्याला मिळणारे सुरक्षा अपडेट. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या लाकडी होडीच्या फटी बुजवून मगच ती पुन्हा पाण्यात लोटतात. सपोर्ट संपणं म्हणजे फटी बुजवणारा कारागीर यायचा बंद झाला. होडी लगेच बुडत नाही, पण पुढच्या हंगामाची खात्रीही कोणी देत नाही.

यात एक मेख आहे. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा गाभा एकच आहे. ११ साठी एखादी दुरुस्ती जाहीर झाली की ती तपासून मूळ त्रुटी कुठे होती हे हल्लेखोरांना शोधता येतं. तीच त्रुटी १० मध्येही असली आणि तिथे दुरुस्ती पोचलीच नाही, तर दार उघडं ते उघडंच.

दुसरा त्रास हळूहळू जाणवतो. विंडोज सेव्हनचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. पुढे तीन वर्षांनी, २०२३ च्या सुरुवातीला, गुगल क्रोमनेही सेव्हनला रामराम ठोकला. १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. मशीन ठणठणीत असतं, पण बँकेची साइट ‘ब्राउझर अपडेट करा’ म्हणून अडून बसते आणि गिऱ्हाईक समोर ताटकळत राहतं.

गैरसमज २ : अँटीव्हायरस टाकलाय, तेवढा पुरे.

वस्तुस्थिती : अँटीव्हायरस आत शिरणाऱ्याला ओळखायचा प्रयत्न करतो. विंडोजमधली मूळ त्रुटी तो दुरुस्त करत नाही. विंडोज १० मधल्या डिफेंडरला नव्या व्हायरसांची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. हा दिलासा आहे, पण अर्धाच.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा हल्ला झाला. दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटर त्यात सापडले. फाइली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी खंडणी मागायची, असा तो प्रकार. ज्या त्रुटीतून तो घुसला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. आणि सापडलेले बहुतेक कॉम्प्युटर विंडोज सेव्हनचे होते, ज्याला त्या वेळी सपोर्ट चालू होता! अपडेट आलेलं होतं, ते कोणी टाकलेलं नव्हतं. म्हणजे जुनं विंडोज वापरणारा आणि नवं घेऊन अपडेट बंद ठेवणारा, दोघे एकाच माळेचे मणी.

गैरसमज ३ : आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?

वस्तुस्थिती : याचं उत्तर रेवसवाल्यांना लांब शोधायला नको. रेवसहून खाडी ओलांडली की करंजा, तिथून उरण, आणि उरण तालुक्यातच न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या हल्ल्याने या बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या कंटेनर टर्मिनलचं काम ठप्प केलं. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली कंपनी चालवते. कोणता कंटेनर कुठे ठेवलाय आणि कोणत्या ट्रकवर चढवायचाय, हा सगळा हिशेब कॉम्प्युटरवर. तोच गेल्यावर काम हातावर आलं.

हल्लेखोरांचा न्हावा-शेव्याशी काडीचा संबंध नव्हता. त्यांचा रोख युक्रेनवर होता. तिथे करभरणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरमधून व्हायरस सोडला गेला, त्यातून तो मर्स्कच्या जाळ्यात शिरला आणि जगभरातल्या कार्यालयांत पोचला. कंपनीला पुढे सुमारे ४५ हजार कॉम्प्युटर आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. खंडणीची मागणी तर निव्वळ देखावा होती. पैसे भरूनही फाइली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती.

छोट्या दुकानदाराने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. असे व्हायरस माणूस किंवा गाव बघून येत नाहीत, उघडं दार दिसलं की शिरतात. दुसरी गोष्ट, एका मशीनमध्ये शिरल्यावर नॉटपेट्या तिथले पासवर्ड उचलायचा आणि त्यांच्या जोरावर अपडेट केलेल्या मशीनमध्येही घुसायचा. दुकानातले तीन कॉम्प्युटर एकाच वायफायवर असतील, तर कोपऱ्यातलं ‘फक्त प्रिंटपुरतं’ ठेवलेलं जुनं मशीन बाकीच्या दोघांनाही गोत्यात आणू शकतं.

आणि चोरण्यासारखं काय आहे म्हणाल, तर डाउनलोड्सचा फोल्डर उघडून बघा. गावातल्या कितीजणांचे आधार, पॅन आणि पासबुकं तिथे साठलीत? ते कागद तुमचे नाहीत, विश्वासाने दिलेले आहेत.

गैरसमज ४ : अपडेटनेच बिघाड होतात, तेव्हा ते बंद ठेवलेलं बरं.

वस्तुस्थिती : हा समज पोकळ नाही. नॉटपेट्या शिरला तो त्या करभरणीच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बसले आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यायची वेळ आली.

पण या दोन्ही वेळा अपडेट विंडोजचं नव्हतं, दुसऱ्या कंपन्यांचं होतं. शिवाय क्राउडस्ट्राइकची चूक काही तासांत मागे घेतली गेली आणि लोकांच्या फाइली जागेवर राहिल्या. वॉनाक्रायमध्ये फाइलीच गेल्या. अपडेटच्या बिघाडात एखादा दिवस जातो, अपडेट न केल्याने घडलेल्या हल्ल्यात वर्षांचं काम जाऊ शकतं. गर्दीच्या दिवसांत अपडेट आठवडाभर पुढे ढकलायची सोय विंडोजमध्येच आहे. ती वापरा, पण कायमचं बंद करू नका.

गैरसमज ५ : विंडोज ११ हवं तर नवा कॉम्प्युटर घ्यावाच लागतो.

वस्तुस्थिती : आधी तपासा. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. प्रोसेसर इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. लॅपटॉपच्या स्टिकरवर किंवा सेटिंग्जमध्ये ‘आय५-८२५०’ असा आकडा दिसला तर आठवी पिढी, ‘आय५-७२००’ दिसला तर सातवी, म्हणजे बाद. बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम असतं, पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. ते चालू केलं की काम होतं. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप तुमचं मशीन बसतं की नाही ते सांगून टाकतं. बसत असेल आणि विंडोज १० अधिकृत असेल, तर ११ साठी पैसे पडत नाहीत.

बसत नसेल तरी घाईने लॅपटॉप घ्यायला धावू नका. घरगुती वापराच्या विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून कॉम्प्युटरच्या सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती मोफत मिळते, नाहीतर एकदाच ३० डॉलर किंवा तेवढे रुपये. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते. योजनेत उशिरा शिरलात तरी शेवटची तारीख तीच राहते. ही पळवाट नाही, पैशांची जुळवाजुळव करायला मिळालेली मुदत आहे.

गैरसमज ६ : आमचा मेकॅनिक कुठल्याही मशीनवर ११ टाकून देतो.

वस्तुस्थिती : देतो, आणि ते चालतंही. पण अटी डावलून टाकलेल्या मशीनला पुढची अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या अपडेटसाठी एवढा खटाटोप केला त्यांचाच भरवसा नसेल, तर मिळवलं काय? त्याहून वाईट म्हणजे क्रॅक केलेलं विंडोज. ते ‘ॲक्टिव्हेट’ करणारं टूल चालवायचं म्हणून अँटीव्हायरस आधी बंद करायला सांगतात. चोराला दार उघडून देण्याची ही रीतसर पद्धत झाली.

गैरसमज ७ : सपोर्ट संपलेलं मशीन भंगारात घालायचं.

वस्तुस्थिती : सरसकट नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे बघा. पेजमेकर, श्रीलिपी, तिचा डाँगल आणि वर्षानुवर्षं जमवलेल्या पत्रिकांचे नमुने. या जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये नसतो, त्यामुळे तो फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. त्यातच विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं, त्यावर अगदी जुने १६-बिट प्रोग्राम मुळीच चालत नाहीत आणि जुन्या डाँगलचे ड्रायव्हरही अडू शकतात.

अशा मशीनला जगू द्या, पण एकटं. लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा, फाइली नेण्या-आणण्यासाठी एकच पेनड्राइव्ह ठेवा आणि तो आधी दुसऱ्या मशीनवर तपासा. दरम्यान नवं काम युनिकोडमध्ये सुरू करा आणि जुन्यातल्या लागणाऱ्या फाइली सवडीने बदलून घ्या. डाँगल खाऱ्या हवेने कधी गंजेल याचा नेम नाही.

गैरसमज ८ : लिनक्स म्हणजे इंजिनिअर लोकांचं काम.

वस्तुस्थिती : केरळच्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षं मुलं लिनक्सवरच शिकतात. आपल्या सी-डॅकचं ‘बॉस’ हेही लिनक्सच. ब्राउझर, पत्रव्यवहार, व्हिडिओ, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल, तर विंडोज ११ ला नापास झालेल्या मशीनवर लिनक्स मिंट किंवा उबंटू बरं चालतं, अपडेटही मोफत मिळतात. पेनड्राइव्हवरून सुरू करून आधी वापरून बघता येतं.

पण सेवा केंद्रवाल्यांनी जपून. डिजिटल सहीचा टोकन, बोटाचे ठसे घेणारं मशीन, टॅली, जुना प्रिंटर यांतलं जे रोज लागतं ते लिनक्सवर चालतं का, हे आधी प्रत्यक्ष जोडून बघा. एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर त्या मशीनपुरता लिनक्सचा विचार सोडा.

गैरसमज ९ : अपग्रेड केलं की सगळा डेटा उडतो.

वस्तुस्थिती : १० वरून ११ वर जाताना फाइली आणि प्रोग्राम जागेवर राहतात. आवडलं नाही तर साधारणपणे १० दिवसांच्या आत मागे फिरता येतं. डेटा उडतो तो मध्येच वीज गेल्याने, हार्ड डिस्क आधीच कुरकुरत असल्याने किंवा मेकॅनिकने न विचारता फॉरमॅट मारल्याने. म्हणून आधी बॅकअप, मग अपग्रेड. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी दुकानापासून लांब, घरी किंवा क्लाउडवर. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ज्यांनी छपरं उडताना पाहिली, त्यांना दुसरी प्रत लांब का ठेवायची हे वेगळं सांगायला नको.

मग ठरवायचं कसं?

मशीन इंटरनेटवर आहे, त्यावर दुसऱ्यांचे कागद किंवा पैशांचे व्यवहार होतात आणि ते ११ ला बसतं : अपग्रेड करा, आजचं उद्यावर ढकलू नका. रॅम ४ जीबीच असेल आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी बसवा आणि रॅम ८ जीबी करा, नाहीतर मशीन रांगत चालेल.

तेच काम आहे, पण ११ ला बसत नाही : वाढीव अपडेटची नोंदणी करा आणि मुदत संपण्याआधी नव्या मशीनची सोय लावा.

विंडोज सेव्हन किंवा ८.१ आहे : त्यावर बँक, आधार, ईमेल आजपासून बंद. या दोघांना आता कसलीही मुदत उरलेली नाही.

फक्त घरची करमणूक आणि अभ्यास : लिनक्स वापरून बघा.

इंटरनेटशिवाय चालणारं एकच जुनं काम : वायर काढून ठेवा आणि मशीनला हात लावू नका.

आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे ते कळायला विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून इंग्रजीत ‘विनव्हर’ टाइप करा, अर्ध्या मिनिटात उत्तर मिळतं. त्यानंतरचं पहिलं काम विंडोज बदलणं नाही. डाउनलोड्समध्ये पडलेले गिऱ्हाइकांचे आधार आणि पासबुकं पुसून टाका. जे मशीनवर नाहीच, ते कोणत्याही विंडोजमधून चोरीला जात नाही.