उच्चारलेली कविता आणि अपमानाचे ओझे

कोलकात्यात कविता म्हणून दाखविणे ही एक स्वतंत्र कला मानली जाते. बंगालीत तिला ‘आवृत्ती’ म्हणतात. शंभू मित्र, काझी सब्यसाची यांच्यापासून ब्रतती बंद्योपाध्याय यांच्यापर्यंत तिचे कलावंत सर्वश्रुत आहेत. परंतु आवृत्तीत शब्द बहुधा एकाचे असतात आणि कंठ दुसऱ्याचा. श्रोता दाद देतो ती उच्चारशुद्धीला व स्वराच्या चढउताराला. दुःख तेथे सुसंस्कृत होऊन येते.

कल्याणी ठाकूर चाँडाल यांच्या कवितेत असे अंतर राखता येत नाही. नदिया जिल्ह्यातील बगुल्याच्या नामशूद्र कुटुंबात जन्मलेल्या आणि पुढे रेल्वेत नोकरी केलेल्या ह्या कवयित्रीने आपल्या नावापुढे ‘चाँडाल’ हा शब्द स्वतः होऊन जोडला. १९११ च्या जनगणनेत त्या नावाच्या जागी ‘नामशूद्र’ हे नाव यावे म्हणून ह्याच समाजाने दीर्घकाळ झगडा केला होता! मग टाकलेले नाव पुन्हा का उचलावे? त्यांच्या २०१६ च्या आत्मकथनाचे शीर्षकच ‘आमि केनो चाँडाल लिखि’, म्हणजे ‘मी चांडाल का लिहिते’, असे आहे.

ह्याचे उत्तर मनाच्या व्यापारात शोधले पाहिजे. जातीचा अपमान बहुधा कानावाटे आत शिरतो. दुसऱ्याने फेकलेला शब्द एकान्तात पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागला, म्हणजे माणूस स्वतःकडे त्याच शब्दाच्या नजरेने पाहू लागतो. तोच शब्द भरसभेत आपल्या तोंडाने उच्चारला की लाज जागा बदलते. ती ऐकणाऱ्याकडे जाते. छापील पानावर हे अर्धेच घडते.

मराठी वाचकाला येथे जात्यावरची ओवी आठवेल. हेमा रायरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. त्यांत बाईच्या मनातले कितीतरी सल आहेत. पण ओवी पहाटेच्या अंधारात, घरातल्या घरात म्हटली जाई. जाते ऐकून घेई, कोणाला सांगत नसे, आणि जाब विचारावा असा श्रोता तेथे नव्हताच. अमेरिकेत न्टोझाके शांगे यांनी तो श्रोता मिळविला. काळ्या स्त्रियांच्या आत्महत्येच्या विचारापर्यंत पोहोचलेल्या वेदनेचा उल्लेख थेट शीर्षकात करणारे त्यांचे नृत्यकाव्य १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात प्रथम सादर झाले व १९७६ मध्ये ब्रॉडवेवर आले.

अशा काव्याला ‘निव्वळ आक्रोश’ म्हणून बाजूस सारणारी टीका आता जुनी झाली. तिच्या जागी आलेली कनवाळू टीका मात्र अधिक फसवी आहे. ती म्हणते, ही कविता म्हणजे एक उपचार. बोलल्याने कवयित्रीचे मन हलके झाले. झालेही असेल. तथापि निद्रानाश वा विषण्णता ह्यांवर वैद्य लागतो, आणि काव्याची परीक्षा ते औषध म्हणून किती गुणकारी ठरले ह्यावर होत नाही. शिवाय सारी दृष्टी बोलणारीच्या प्रकृतीवर खिळली की ऐकणारा आपोआप निर्दोष सुटतो. ‘चंडालिनीर कबिता’ ह्या २०११ च्या संग्रहाच्या शीर्षकातील चंडालिनीला हे नाव ज्यांनी दिले, त्यांचेच वंशज सभागृहात पुढच्या रांगेत बसलेले असतात.