मोटारगाडीचे संकेतदिवे : दोषनिदान

ब्रेक लावताच उजळणारे तांबडे दिवे व वळण्यापूर्वी लुकलुकणारे पिवळट नारिंगी दिवे हे मागून येणाऱ्या वाहनास पूर्वसूचना देणारे गाडीचे प्रमुख संकेतदिवे होत. वळणदिव्यांतील बिघाड टकटक आवाजावरून चालकाच्या ध्यानात येतो. ब्रेकचे दिवे मात्र त्याला स्वतःला दिसत नाहीत, म्हणून त्यांतील दोष दीर्घकाळ अज्ञात राहू शकतो. ताशी ६० किमी. वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मी. अंतर कापते, हे लक्षात घेता हा दोष किती घातक आहे ते स्पष्ट होईल. रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून उभी केल्यास प्रतिबिंबित प्रकाशावरून हे दिवे चालकास एकट्यानेही तपासता येतात.

दोन्ही बाजूंचे दिवे एकाच वेळी बंद पडल्यास दोष सामाईक भागात, म्हणजे फ्यूज अथवा ब्रेकच्या पायटेजवळील स्विच यांत असण्याचा संभव अधिक असतो. एकच दिवा लागत नसेल, तर बल्ब किंवा त्याची बैठक पाहावी. मागील काचेजवळचा तिसरा दिवा लागत असल्यास स्विच बहुधा निर्दोष असतो. पायटा सोडल्यावरही दिवे लागून राहणे हे स्विच सरकल्याचे किंवा त्याला दाबणारा रबरी तुकडा झिजून गळाल्याचे लक्षण होय. वारंवार वितळणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तार बसविण्याचा प्रघात धोकादायक आहे. त्यामुळे दोष तसाच राहून वायरी जळू शकतात.

सर्वांत फसवा दोष परतीच्या मार्गातील असतो. दिव्यातून गेलेला विद्युत् प्रवाह गाडीच्या धातूच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परततो. दिवा व सांगाडा यांचा जोड गंजला, की प्रवाहास रोध होतो. कोकणातील खाऱ्या व दमट हवेत हे लवकर घडते. २१ वॉटच्या दिव्यातून १२ व्होल्ट दाबास १·७५ अँपिअर प्रवाह वाहतो. मार्गात केवळ एक ओहम रोध आला, तरी सुमारे दीड व्होल्ट दाब वाया जातो व प्रकाश जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. मात्र बल्ब काढून बैठकीत मोजल्यास प्रवाह नसल्याने मापक पूर्ण १२ व्होल्टच दाखवितो आणि कारागीर नवा बल्ब घालून मोकळा होतो. म्हणून दिवा लावलेला असतानाच त्याच्या परतीच्या टोकापासून सांगाड्यापर्यंतचा दाब मोजावा. तो जवळजवळ शून्य असला पाहिजे. ब्रेक दाबताच शेजारचा वळणदिवाही मंद उजळणे ही याच दोषाची खूण होय, कारण अडलेला प्रवाह दुसऱ्या दिव्याच्या तंतूमधून वाट काढतो.

वळणदिव्यांची उघडझाप मिनिटास ६० ते १२० वेळा व्हावी, असे भारताच्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत म्हटले आहे. जुन्या गाड्यांत ती तापून वाकणाऱ्या द्विधातू पट्टीने होत असे. एक बल्ब गेला, की प्रवाह घटून तिची लय बिघडते. इलेक्ट्रॉनिक रिलेमध्ये प्रवाह घटल्यास गती मुद्दाम दुपटीच्या आसपास वाढविलेली असते. साध्या बल्बऐवजी अल्प प्रवाह घेणारे एलईडी दिवे बसविल्यावर बिघाड नसतानाही अशी घाई दिसते. समांतर रोधक जोडून ती थांबविता येते, पण तो बराच तापत असल्यामुळे एलईडीस अनुरूप रिले बसविणे अधिक श्रेयस्कर ठरते.