कुत्र्याच्या पिंजऱ्यावरचे स्वस्त छप्पर

शेतावर, वाडीत किंवा बंगल्याच्या आवारात राखणीच्या कुत्र्यासाठी उभारलेला जाळीचा पिंजरा वरून बहुधा उघडाच असतो. पावसाळा तोंडावर आला की त्यावर घाईघाईने ताडपत्री टाकतात, चार कोपरे सुतळीने आवळतात आणि पहिल्याच वादळात ती फाटून झाडावर जाऊन अडकते. अशा वेळी बोल ताडपत्रीला लावला जातो, पण चूक बहुधा उताराची आणि बांधणीची असते. पाळलेल्या जनावराला पुरेसा निवारा न देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या 11व्या कलमानुसार मालकाचा गुन्हा ठरतो. राखणीच्या कुत्र्याच्या बाबतीत ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात नसते.

छप्पर पाऊस अडवते, तसेच ते ऊन आणि हवाही अडवते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांपुरता थोडा घाम सोडला, तर तो उष्णता बाहेर टाकतो ती धापा टाकून, जिभेवरची आणि तोंडातली ओल उडवून. हवा दमट आणि कोंदट असली की ही ओल नीट उडत नाही. म्हणून पिंजरा चारही बाजूंनी ताडपत्रीने लपेटणे उघड्या पिंजऱ्याइतकेच वाईट. पावसाची बाजू बंद आणि निदान एक बाजू सताड मोकळी, हा नियम पाळावा.

पावसाची बाजू कोणती हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. जून ते सप्टेंबर वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, झड त्याच अंगाने आत घुसते. त्यामुळे छपराची सखल बाजू पश्चिमेला आणि उंच बाजू पूर्वेला ठेवावी. उलट केले तर वारा उंच कडेखाली शिरून छप्पर उचलू पाहतो. घाटमाथ्यावर दरीच्या वळणाने वाऱ्याची दिशा बदलते; तिथे घराच्या कोणत्या भिंतीला शेवाळ चढते ते पाहून ठरवलेले बरे.

समजा, पिंजरा पूर्व-पश्चिम 6 फूट आणि दक्षिणोत्तर 8 फूट आहे. ताडपत्रीला पत्र्यापेक्षा जास्त उतार लागतो, कारण ती झोळ खाते. दर 4 फुटांना 1 फूट उतार धरला तर पश्चिमेचे खांब जमिनीपासून सव्वासहा फूट आणि पूर्वेचे पावणेआठ फूट येतात. जमिनीत गाडायचे 2 फूट वेगळे. पश्चिमेला छप्पर 2 फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना 1 फूट बाहेर काढले, तर कडा गुंडाळायची जागा धरून 12 बाय 12 फुटांची ताडपत्री पुरते.

खांबांना पक्व बांबू चालतो. तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला की त्यातला भुंग्याला आवडणारा पिष्टमय अंश कमी होतो. वरचे टोक पेराच्या गाठीजवळ कापावे, नाहीतर पोकळीत पाणी साचून डास होतात. गाडायच्या भागाला डांबर लावावे, पण जमिनीवरच्या भागाला लावू नये. कुत्रा ते चाटल्याशिवाय राहत नाही. वासे दीड-दोन फुटांवर टाकून त्यांच्यावर नायलॉनची दोरी उभी-आडवी ताणून जाळे करावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात. एक चौरस मीटर ताडपत्रीवर फक्त एक सेंटीमीटर पाणी तुंबले तरी त्याचे वजन 10 किलो भरते, त्याने खोलगा आणखी खोल होतो, त्यात आणखी पाणी येते आणि शेवटी सगळा मांडव खाली बसतो.

ताडपत्री केवळ कड्यांतून दोरी ओवून बांधली की वाऱ्याचा सगळा ताण त्या चार-सहा भोकांवर येतो. त्याऐवजी दोन समोरासमोरच्या कडा बारीक बांबूवर दोन वेढे गुंडाळून तो बांबू चौकटीला आवळावा. ताण सगळ्या कडेवर वाटला जातो. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या दोरीपेक्षा सरस, कारण झोत आला की त्या थोड्या ताणतात आणि पुन्हा जागेवर येतात. बांबूची जी टोके ताडपत्रीला घासतात त्यांनाही हीच ट्यूब गुंडाळावी.

याहून स्वस्त म्हणजे जुना फ्लेक्स. वाढदिवसांच्या शुभेच्छांनी महाराष्ट्राला त्याची कधी टंचाई पडू दिलेली नाही. छापील बाजू खाली आणि पांढरी वर ठेवली तर ऊन थोडे परावर्तित होते. मात्र उन्हाने तो लवकर कडक होऊन तडकतो, म्हणून एका मोसमापुरताच धरावा. लोखंडी पत्रा वर्षानुवर्षे टिकतो, पण उन्हात तापतो. वरून चुना फासणे आणि खाली वीतभर अंतर सोडून बांबूची चटई लावणे, यांनी फरक पडतो. जुना सिमेंटचा पत्रा फुकट मिळाला तरी तो कापू किंवा भोके पाडू नये. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. विदर्भात पावसापेक्षा मे महिना कठीण. तिथे छपराच्या हातभर वर शेडनेट ताणावे आणि बाजूला खसाची ओली ताटी लावावी. कोरड्या हवेत ती चांगला गारवा देते, कोकणात नुसती ओल वाढवते.

पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाजूला झडीसाठी पडदा लागतो. किनारपट्टीवर घरांना नारळाच्या झावळ्यांच्या झडी बांधतात, त्याच इथेही उत्तम; नाहीतर ताडपत्रीची पट्टी, तळाशी बांबू अडकवून, उघडीप मिळाली की वर गुंडाळता येईल अशी. पडदा जाळीच्या बाहेरूनच लावावा, आतून लावला तर दोन दिवसांत त्याच्या चिंध्या होतात.

पूर्वेला छपराखाली राहिलेली मोकळी फट हवेसाठी हवीच, पण जुन्नर-अकोले पट्ट्यात ती मोकळी सोडणे धोक्याचे. अकोले परिसरातील अभ्यासात पाळीव कुत्रा हे बिबट्याचे प्रमुख भक्ष्य आढळले आहे. तिथे ही फट आणि छपराखालचा सगळा माथा जाड वेल्डेड जाळीने बंद करून जाळी खांबांना तारेने घट्ट आवळावी. ताडपत्रीला बिबट्या जुमानत नाही.

पागोळ्यांचे पाणी पुन्हा पिंजऱ्यात आले तर छपराचा उपयोग अर्धाच. सखल कडेखाली वीतभर खोल चर खणून तो उताराच्या दिशेने काढून द्यावा. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोचे जंतू येतात, आणि ते कुत्र्याला तसेच माणसालाही बाधतात. बसायला जमिनीपासून सहा इंच उंच लाकडी फळ्यांचा पाट असावा. गोणपाट टाकायचेच तर ते रोज वाळवावे लागते. ओल्या गोणपाटात बुरशी धरते.

दिवाळीनंतर ताडपत्री उतरवून धुवावी, पूर्ण वाळवून गुंडाळावी आणि उंदरांपासून दूर टांगून ठेवावी. खांब जमिनीलगत कुजले आहेत का ते सुरीच्या टोकाने टोचून पाहावे. टोक सहज आत गेले तर तो खांब पुढच्या आगोटीआधी बदलावा लागतो.